‘मी उभी आहे’ ते ‘मी उभी होते’: आघातातून बाहेर पडताना

अबोली

समोर बसलेलं माणूस आपल्यावर बेतलेला प्रसंग सांगायला लागलं की माझं लक्ष आधी क्रियापदांकडे जातं. ‘मी दाराशी उभी होते, तेवढ्यात तो आला’ असं सुरू झालेलं बोलणं मध्येच कुठेतरी बदलतं. ‘मी उभी आहे. तो येतो. मला पावलं ऐकू येतायत.’ बोलणाऱ्याला हा बदल जाणवतही नाही. श्वास वरच्या वर चालू असतो, खांदे वर चढलेले असतात, नजर माझ्यावरून सुटून भिंतीवर कुठेतरी जाते. घटनेला दहा वर्षं झाली असतील, पण त्या माणसाच्या शरीराला ती आत्ता चालू असते.

मी १४ वर्षं ट्रॉमा थेरपिस्ट म्हणून काम करते आहे. तुमची पद्धत कोणती, असं बरेच जण विचारतात आणि मी दर वेळी अर्धवट उत्तर देते, म्हणून आज नीट लिहायला बसले. मी जे काही करते ते शेवटी त्या क्रियापदाचा काळ बदलण्यासाठी करते. घडलेलं पुसता येत नाही. पण ‘घडतंय’चं ‘घडलं’ होऊ शकतं, आणि ते झालं की माणूस झोपतो, रस्ता ओलांडतो, मागून कुणी हाक मारली तर दचकून भांडायला उठत नाही.

असं का होतं, तर साधी आठवण साठवताना मेंदू तिला जागा आणि वेळ जोडतो. त्यात हिप्पोकॅम्पस या भागाचा मोठा वाटा असतो. जिवावर बेततं तेव्हा धोका ओळखणारा अमिग्डाला इतका पेटतो, ताणाची संप्रेरकं इतकी वाढतात, की ही जोडणी अर्धवट राहते असं मानलं जातं. वास, आवाज, प्रकाश, हातावरची पकड हे सगळं ठळक उरतं, पण त्याला तारीख उरत नाही. मग तसाच वास पुन्हा आला की शरीर त्याला आठवण म्हणून ओळखत नाही, ते त्याला धोकाच समजतं.

हे मला पुस्तकातून कळण्याआधी स्वतःच्या अंगावर कळलं. मी २३ वर्षांची असताना रात्रीच्या प्रवासात आमची बस उलटली. मला फारसं लागलं नाही, म्हणून सगळ्यांनी ‘वाचलीस, नशीबवान आहेस’ म्हटलं आणि विषय संपवला. मी दोन वर्षं डिझेलच्या वासाला टाळत जगत होते. पहिल्यांदा ज्यांच्याकडे मदतीसाठी गेले त्यांनी पहिल्याच भेटीत सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायला लावलं. मी सांगितलं, अगदी सलग, बातमी वाचावी तसं. त्यानंतर कित्येक रात्री मी जागी होते. पुन्हा तिकडे गेले नाही, आणि वर्षभर कुठेच गेले नाही. दुसऱ्या थेरपिस्टनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘दार बंद करू की थोडं उघडं ठेवू?’ त्या अपघातानंतर मला कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी ठरवायला दिलं होतं. मी रडले ती त्या प्रश्नावर, अपघातावर नाही.

आजही माझी पहिली भेट दारापासूनच सुरू होते. खुर्ची कुठली, दिवा किती, मी समोर बसू की तिरपी. आघात म्हणजे मुळात आपल्या अंगावर, आपल्या वेळेवर आपला काही ताबा न उरणं. मग उपचारातही सगळं मीच ठरवलं तर मी तीच गोष्ट चांगल्या हेतूने पुन्हा करते.

उपचार टप्प्याटप्प्याने करण्याचा विचार जुना आहे. १९व्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये मानसशास्त्रज्ञ पिएर जाने यांनी तो मांडला, आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२मध्ये त्याला आजचं रूप दिलं: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांत येणं. मी याच वाटेने जाते, पण शिडीसारखी नाही. लोक मागे येतात, पुढे जातात, एखादा मध्येच सहा महिने थांबतो.

सुरक्षिततेबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी आधी बघते की धोका खरंच संपलाय का. जी बाई अजून मारणाऱ्या माणसाच्याच घरात राहते, तिची भीती हा आजार नाही, ती भीती बरोबर आहे. तिला शांत राहायला शिकवणं म्हणजे तिचा पहारेकरी झोपवणं. तिथे आधी घराची, पैशाची, कायद्याची, सोबतीची व्यवस्था बघावी लागते.

धोका खरोखर मागे पडला असेल तर शरीराला आजच्या दिवसात आणायचं काम सुरू होतं. ‘डोळे मिटा, खोल श्वास घ्या’ हे सगळ्यांना चालत नाही. काहींना डोळे मिटले की चित्रंच दिसतात. ज्यांचा गळा कधी दाबला गेलाय त्यांना श्वासाकडे लक्ष दिलं की जीव घाबरतो. अशा वेळी मी डोळे उघडेच ठेवायला सांगते. तळपाय जमिनीवर दाबा. खोलीतल्या निळ्या वस्तू मोजा. आजचा वार मोठ्याने सांगा. थंड पाण्यात मनगट धरा. मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९मध्ये ‘सहनक्षमतेची खिडकी’ अशी कल्पना मांडली. खिडकीच्या वर गेलं की माणूस भडकतो, थरथरतो, पळू बघतो. खाली गेलं की बधिर होतो, ‘मला काहीच वाटत नाही’ म्हणतो. आठवणीवर काम होतं ते या खिडकीच्या आत असतानाच.

मग आठवण, तीही एका वेळी थोडी. सगळ्यात वाईट क्षणापासून सुरुवात करत नाही. कधी थांबायचं याची खूण आधी ठरवतो, आणि ती खूण खरंच चालते का हे एकदा साध्या गप्पा मारतानाच करून बघतो. सांगणारा वर्तमानकाळात शिरला तर मी त्याला दुरुस्त करत नाही. मी एवढंच विचारते, ‘आणि आज, इथे बसून हे सांगताना, हात कुठे आहेत तुमचे?’ मग हळूहळू वाक्यात ‘होतो’, ‘होते’ यायला लागतं. पहिल्यांदा येतं तेव्हा मला दर वेळी भरून येतं.

यात माझी मोठी चूकही झाली आहे. कामाच्या चौथ्या वर्षी एक गृहस्थ यायचे (तपशील बदलले आहेत, लिहायची परवानगी घेतली आहे). तिसऱ्याच भेटीत ते म्हणाले, आज सगळं संपवून टाकू. मला त्यांची जिद्द आवडली, आणि खरं सांगते, लवकर फरक दिसावा ही माझीही इच्छा होती. मी त्यांच्यासोबत वाहत गेले. शेवटी ते इतके बधिर झाले की स्वतःचं नाव सांगायला वेळ लागला. पुढच्या आठवड्यात ते आले नाहीत. सात महिन्यांनी आले आणि म्हणाले, ‘मला वाटलं होतं, तुम्ही थांबवाल.’ त्या दिवसापासून प्रत्येक सेशनची शेवटची १५ मिनिटं मी आठवणीसाठी वापरत नाही. ती परत येण्यासाठी असतात.

तिसऱ्या टप्प्याबद्दल लोक कमी बोलतात, कारण तो साधा दिसतो. टाळून टाळून आयुष्य आकसलेलं असतं: ठरावीक रस्ता, ठरावीक माणसं, दिवे लावून झोप. ते इंचाइंचाने परत मोठं करायचं असतं. आणि याच काळात रडू येतं, गेलेल्या वर्षांचं. लक्षणं कमी झाल्यावर माणूस उदास झाला की घरचे घाबरतात. मला तो शोक योग्य वेळी आलेला वाटतो.

प्रश्न असतील तर विचारा, जमेल तसं उत्तर देईन.

निवांत

दाराचा प्रश्न वाचून थांबले. मी तीन वर्षं थेरपी घेतली, आणि मला मदत कशाने झाली हे कधी शब्दांत सांगता आलं नव्हतं. माझ्या थेरपिस्ट दर वेळी विचारायच्या, ‘आज त्या विषयाकडे जायचं का नको?’ अनेकदा मी ‘नको’ म्हणायचे आणि त्या खरंच जायच्या नाहीत. ‘नको’ म्हटल्यावर समोरचं माणूस थांबतं, हे मला माहीतच नव्हतं.

एक विचारायचंय. सगळं सांगावंच लागतं का? माझ्या प्रसंगातला एक भाग मी आजपर्यंत कुणालाच सांगितलेला नाही, तरीही मी आज बरी आहे.

अबोली

@निवांत, नाही, सगळं सांगावंच लागत नाही. ईएमडीआरसारख्या (आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडे फिरवायच्या) पद्धतीत तर तपशील थेरपिस्टला मोठ्याने न सांगताही काम करता येतं. मी फक्त एक बघते: तो भाग तुमच्याकडे ठेवलेला आहे, की तो तुम्हाला धरून बसलाय? ठेवलेला असेल आणि झोप, नाती, दिवस नीट चालले असतील, तर तो तुमचा आहे. तुमच्या मर्जीने राहू दे.

केदार७

मनापासून लिहिलंय हे दिसतं, म्हणून मीही मनापासून विचारतो. आमच्या आधीच्या पिढ्यांनी युद्ध, पूर, साथी, घरातले अकाली मृत्यू, सगळं सोसलं. कुणी थेरपीला गेलं नाही. काळ हेच औषध असं मानून ते जगले. आज कुठलीही वाईट गोष्ट घडली की ‘ट्रॉमा’. यातून लोक उगाच स्वतःला आजारी समजायला लागतील असं वाटत नाही का?

अबोली

@केदार७, तुमचं निम्मं म्हणणं मला पटतं, आणि संशोधनही त्या बाजूने आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीप्रमाणे जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी आघात करू शकणारा प्रसंग येतो. त्यातल्या फक्त ५.६ टक्के लोकांना पुढे पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा ताणाचा विकार, होतो. म्हणजे बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधाराने, झोपेने, कामाने, रडून सावरतात. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून बोलतं करायचं, अशी एक पद्धत मध्यंतरी फार चालली होती. तिचा आढावा घेतल्यावर दिसलं की अशा एकाच बैठकीने पुढचा पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढू शकतो. म्हणून पहिल्या काही दिवसांत मी कुणालाही खोदून विचारत नाही. जेवण, पाणी, झोप, सोबत, एवढंच. पीटीएसडीचं निदानही लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच करतात.

पण उरलेल्या निम्म्याबद्दल. आधीच्या पिढ्यांनी सोसलं, हे खरं. ते सगळे बरे झाले का? जो माणूस रात्री ओरडत उठायचा, जी बाई बंद खोलीत कधी बसली नाही, ज्याचा हात मुलांवर विनाकारण उठायचा, त्यांना आपण ‘स्वभाव’ म्हटलं. त्रासाला नाव नव्हतं म्हणून तो नव्हता असं होत नाही. अमेरिकेच्या निदानसूचीत पीटीएसडी हे नाव १९८०मध्ये आलं. त्याच्या कितीतरी आधी सैनिकांच्या बाबतीत हेच दुसऱ्या नावांनी लिहिलं जात होतं. बऱ्याच वेळा त्याला भित्रेपणा म्हणत.

केदार७

‘स्वभाव’ हा शब्द वाचून मला एक व्यक्ती आठवली. त्यांच्याबद्दल इथे लिहिणार नाही. प्रश्न विचारला ते बरं झालं.

मानसी_अभ्यास

मी मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक मतभेद नोंदवते. ‘आधी सुरक्षितता, आधी स्थिरता’ या नावाखाली मूळ काम महिनोन् महिने पुढे ढकललं जातं, अशी टीका गेल्या काही वर्षांत जोरात होते आहे. लहानपणापासूनच्या, गुंतागुंतीच्या आघातातही थेट आठवणीवर काम केलेलं पुष्कळांना चालतं, असं म्हणणारे संशोधक आहेत. एडना फोआ यांचं प्रोलॉन्ग्ड एक्सपोजर (टाळलेल्या आठवणीला पुन्हा पुन्हा सामोरं जाणं) साधारण ८ ते १५ सेशनचं, पॅट्रिशिया रेसिक यांची सीपीटी (आघातातून रुजलेले विचार तपासणारी थेरपी) १२ सेशनची. त्यांत काही महिने तयारीत घालवणं नसतंच. मग तुमची सावधगिरी क्लायंटसाठी आहे, की थेरपिस्टच्या स्वतःच्या भीतीसाठी?

अबोली

@मानसी_अभ्यास, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. टाळणं हे या आजाराचं मुख्य लक्षण, आणि ते थेरपिस्टलाही होतं. त्या गृहस्थांच्या प्रसंगानंतर दोनेक वर्षं मी इतकी जपून वागत होते की काही जणांना मी उगाच ताटकळत ठेवलं. एक बाई शेवटी वैतागून म्हणाल्या, ‘मला पाय जमिनीवर दाबता येतात आता. मला त्या रात्रीबद्दल बोलायचंय.’ त्या बरोबर होत्या.

आज मी तयारीचे महिने मोजत नाही. तीन गोष्टी बघते. धोका मागे पडलाय का? भडकल्यावर किंवा बधिर झाल्यावर माणूस माझ्या मदतीने परत येऊ शकतो का? आणि त्याला स्वतःला जायचंय का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातही सुरू करते. सीपीटी मी बरीच वापरते, विशेषतः जिथे एखादं वाक्य माणसाच्या डोक्यात रुतून बसलेलं असतं: ‘मीच त्याला पाठवलं’, ‘मी आधी ओळखायला हवं होतं’. मी त्या वाक्याशी वाद घालत नाही. ते कागदावर लिहून काढतो आणि त्याचा पुरावा दोघं मिळून तपासतो. त्या क्षणी तुम्हाला काय माहीत होतं, आणि काय नंतर कळलं? बहुतेक अपराधीपण नंतर कळलेल्या गोष्टींतून आलेलं असतं.

दूरचा_दिवा

ईएमडीआरबद्दल. बोटामागे डोळे फिरवून आठवण बरी होते, हे मला अजून पचत नाही.

अबोली

@दूरचा_दिवा, शंका रास्त आहे. फ्रान्सिन शापिरो यांना १९८७मध्ये ही कल्पना सुचली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३च्या मार्गदर्शक सूचनांत पीटीएसडीसाठी तिची शिफारस केली. उपयोग होतो याला चांगला पुरावा आहे. डोळ्यांच्या हालचालींचा त्यात नेमका वाटा किती, यावर वाद चालू आहे. एक स्पष्टीकरण असं की आठवण मनात धरून त्याच वेळी दुसरं काही करावं लागलं की मेंदूची तात्पुरती साठवण विभागली जाते आणि आठवणीची धार कमी होते. मी ती वापरते, पण तिला जादू म्हणून कुणाला विकत नाही.

सावली

खूप वेळ लिहू की नको करत होते. हे पहिल्यांदाच लिहितेय.

मी १९ वर्षांची होते. ओळखीचा माणूस होता. सगळे नंतर विचारायचे, ओरडलीस का नाहीस, ढकललं का नाहीस. मला उत्तर देता आलं नाही. शेजारच्या खोलीत माणसं होती. मला आठवतंय, मी छताकडे बघत होते. तो बोलतोय, मला शब्द कळत नाहीत. मी हात उचलायचा म्हणते आणि हात उचलत नाही. मी हलतच नाही. जणू मी तिथे नाहीच.

आता माझं वय ३४ आहे. लोक म्हणतात विसर. मला तो माणूस जितका आठवतो त्याहून जास्त माझा तो न हललेला हात आठवतो. मी स्वतःला माफ करू शकले नाही.

अबोली

सावली, तुम्ही लिहिलंत. मी वाचलं, सगळं वाचलं.

तुमच्या हाताबद्दल मला एक गोष्ट अगदी खात्रीने सांगायची आहे. जिवावर संकट आलं की शरीर लढतं किंवा पळतं, एवढंच आपल्याला शिकवलेलं असतं. तिसरी प्रतिक्रियाही असते. सुटका शक्य नाही असं मज्जासंस्थेला वाटलं की ती शरीर थिजवते. स्नायू हलत नाहीत, आवाज फुटत नाही. प्राण्यांमध्येही हे होतं. हे ठरवून होत नाही, आणि ठरवून थांबवताही येत नाही. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी असं थिजणं ठळकपणे अनुभवलं होतं, ४८ टक्के स्त्रियांनी अतिशय तीव्रपणे. ज्या जास्त थिजल्या होत्या त्यांना पुढे पीटीएसडी आणि नैराश्याचा त्रासही जास्त झाला.

तुमचा हात तुम्हाला सोडून गेला नव्हता. तुमच्या शरीराने त्या क्षणी त्याला जे येत होतं ते करून तुम्हाला जिवंत ठेवलं. ‘ओरडलीस का नाहीस’ हा प्रश्न ज्यांनी विचारला, त्यांना हे माहीत नव्हतं. तो प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला.

माफी ज्याने गुन्हा केला त्याने मागायची असते. तुमच्या बाजूला माफ करण्यासारखं काही मला दिसत नाही.

आज रात्री एकटं राहणं जड जाणार असेल तर कुणाला तरी सोबत बोलवा. आणि स्वतःला संपवावंसं वाटलं तर वाट न पाहता लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीच्या सेवेशी बोला.

निवांत

सावली, मी इथे आहे. काही उत्तर द्यायची गरज नाही.

डॉ_प्रभा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. औषधांबद्दल थोडं, कारण यावर फार गैरसमज आहेत. सर्ट्रालिन आणि पॅरोक्सेटिन या नैराश्यावरच्या औषधांना अमेरिकेच्या औषध नियामकाने पीटीएसडीसाठी मान्यता दिलेली आहे. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, चार दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नयेत, आणि मनाने अचानक बंद तर मुळीच करू नयेत. झोप येत नाही म्हणून बेंझोडायझेपिन गटातल्या (गुंगी आणणाऱ्या, शामक) गोळ्या मागणारे खूप भेटतात. घटनेनंतरच्या पहिल्या महिन्यात आघाताच्या लक्षणांसाठी त्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३च्या सूचनांतही म्हटलं आहे. शिवाय त्यांची सवय लागते. ज्यांना औषध हवं त्यांना जरूर द्यावं, पण आघाताच्या आठवणीवर काम करणारी थेरपी मिळत असेल तर ती मागे टाकू नये.

परागकण

माझा प्रश्न बाजूच्या माणसाचा आहे. माझी पत्नी रात्री झोपेत ओरडते. मी जवळ घेऊन उठवायला जातो तर मला ढकलते, एकदा नखंही लागली. मग तिलाच वाईट वाटतं. काय करू?

अबोली

@परागकण, अर्धवट झोपेत तिला तुमचा हात तुमचा वाटत नाही, त्या स्वप्नातल्याचा वाटतो. म्हणून स्पर्श आधी नको. पलंगापासून थोडं लांब उभं राहा, दिवा लावा, आणि तुमच्या नेहमीच्या आवाजात तिचं नाव घ्या, आपलं नाव सांगा. ‘तू घरी आहेस. आज मंगळवार आहे. खिडकी उघडी आहे.’ ती नीट जागी होऊन तुमच्याकडे बघेपर्यंत हात लावू नका, मग विचारून लावा. कसं उठवलेलं चालेल हे दिवसा, निवांत वेळी तिलाच विचारून ठरवून ठेवा. तिचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा महत्त्वाचं.

तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्यावर वेगळा उपाय आहे. जागेपणी ते स्वप्न थोडक्यात लिहायचं, त्यात हवा तो बदल करायचा, आणि ते बदललेलं स्वप्न रोज दिवसा काही मिनिटं डोळ्यांसमोर आणायचं. माझ्याकडच्या एकीने स्वप्नातल्या बंद जिन्याला फक्त एक दार जोडलं. पहिल्यांदा हे थेरपिस्टसोबत करावं.

आणि तुम्ही किती दिवस नीट झोपला नाहीत?

परागकण

हे मला कुणी विचारलं नव्हतं. बरेच दिवस.

मानसी_अभ्यास

अबोलीताई, अजून एक. काहींना लहानपणीचं काहीच आठवत नाही. अशा वेळी दडलेल्या आठवणी खणून काढायच्या का?

अबोली

मी खणत नाही. आठवण ही चित्रफीत नसते, ती दर वेळी नव्याने जुळवली जाते. न घडलेली गोष्ट घडल्यासारखी आठवू शकते, हे मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी दाखवलंय. थेरपिस्टने ‘तुमच्या बाबतीत नक्की असं घडलं असणार’ म्हणणं फार घातक आहे. जे आठवतं तेवढ्यावर, आणि आज जो त्रास होतोय त्यावर काम करता येतं. न आठवणाऱ्या जागेला मी ‘इथे काही आठवत नाही’ एवढंच म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या ११व्या आवृत्तीत गुंतागुंतीचा पीटीएसडी वेगळा नोंदवलाय, ती २०२२पासून लागू आहे. त्यात भावना सावरता न येणं, स्वतःबद्दल खोल लाज आणि नात्यांत अंतर या गोष्टी आहेत. त्यांच्यावर काम करायला हरवलेली आठवण सापडण्याची अट नाही.

ओंजळ

तुम्ही हे सगळं रोज ऐकता. तुमचं काय होतं?

अबोली

@ओंजळ, होतं. मॅकॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९०मध्ये ऐकणाऱ्याला होणाऱ्या या परिणामाला नाव दिलं. ऐकून ऐकून जग धोक्याचं वाटायला लागतं, आपल्या मुलीला कुणाच्या घरी सोडवत नाही. मी दिवसाला आघाताच्या आठवणींची तीनच सेशन घेते. मधे वीस मिनिटं चालते, फोन न घेता. दर पंधरा दिवसांनी माझ्याहून अनुभवी व्यक्तीसमोर बसून माझं काम उघडं करते, विशेषतः ज्या सेशननंतर मला एखाद्याला ‘वाचवावंसं’ वाटलं ते. दोनदा मी स्वतः पुन्हा थेरपी घेतली.

डिझेलचा वास आला की आजही पोटात गोळा येतो. मग मी खिडकीबाहेर बघते, आजचं वर्ष मनात म्हणते, आणि तो विरतो. कधी अर्ध्या मिनिटात, कधी पाच मिनिटांत.

सावली

चार दिवसांनी परत आलेय. थिजण्याबद्दल तुम्ही लिहिलेलं मी किती वेळा वाचलं सांगता येणार नाही. बहिणीला दाखवलं. तिने काही विचारलं नाही, शेजारी बसली.

माझी वरची पोस्ट पुन्हा वाचली तेव्हा दिसलं, छताच्या वाक्यापर्यंत ‘होते’ आहे आणि पुढे ‘तो बोलतोय’, ‘मी हलतच नाही’. लिहिताना कळलंच नव्हतं. दुरुस्त करायला गेले, मग तसंच ठेवलं.

बुधवारची वेळ घेतली आहे. पहिल्या भेटीत काय सांगायचं, हे कळत नाहीये.

अबोली

तसंच राहू द्या ते.

बुधवारी ‘आज सगळं सांगणार नाही’ एवढं सांगितलंत तरी चालेल. त्यांनी ते कसं ऐकून घेतलं याकडे लक्ष ठेवा. घाई केली, तर दुसरं कुणी शोधायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हवं तर बहिणीला बाहेर बसायला सांगा. आणि दार उघडं ठेवायचं की बंद, हे त्यांनी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा.